बावन्न मिनिटांचा रस्ता

रुग्णालयातल्या कुठल्याही फोनवर नऊ दाबलं की त्या बोलायच्या, म्हणून त्यांचं नाव पडलं नऊबाई. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथंच राहिलं. नवीन डॉक्टर आले की पहिल्या दिवशी अदबीनं ‘ऑपरेटर मॅडम’ म्हणायचे. आठवडा उलटायच्या आत तेही नऊबाईंवर यायचे. एकदा तर अधीक्षकांच्या सहीच्या परिपत्रकातच ‘नऊबाईंना कळवावे’ असं छापून आलं, आणि त्यात काही चुकलंय असं कुणाला वाटलंही नाही.

त्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. खिडकी नाही. एक टेबल, त्यावर बटणांचा बोर्ड, कानाला लावायचा हेडफोन आणि एक जाडजूड रजिस्टर. बाहेर केलेला प्रत्येक फोन वेळेसकट त्यात लिहायचा, असा नियम होता. तो कुणी केला आणि कशासाठी, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षांत ते रजिस्टर कुणी उघडून पाहिलं नव्हतं, तरी नऊबाई लिहायच्या. एक वही भरली की कपाटात, दुसरी टेबलावर.

माणसं त्यांना तोंडापेक्षा आवाजावरून जास्त कळायची. कोणती सिस्टर रडून आलीय, कोणता डॉक्टर उपाशी आहे, कोण खोटं बोलून रजा मागतंय, हे त्यांना पहिल्या ‘हॅलो’तच समजायचं. त्या ते कुणाला सांगत नसत, एवढंच.

रुग्णालयाच्या वायरमनशी त्यांचं विशेष जमायचं. दिवे, पंखे, घंटा आणि टेलिफोनच्या तारा, सगळं त्या एका माणसाच्या अंगावर होतं. सगळे त्यांना दादा म्हणायचे. दादा कामात वाघ, पण बोलण्यात त्याहून मोठे. एक बल्ब बदलायचा तर आधी त्या बल्बची जन्मकथा. शिडीवर चढून ते गोष्ट सुरू करायचे आणि संपेपर्यंत खाली उतरायचे नाहीत. वॉर्डातले पेशंट अंधारात पडून हसत राहायचे. नऊबाई म्हणायच्या, “दादा, तुमच्या तोंडाला एक बटण बसवून घ्या.” दादा म्हणायचे, “बसवलंय हो बाई, पण ते फक्त चालू करायचं आहे.”

तो मंगळवार होता. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बोळात दादा ट्यूबलाइट बदलत होते. शिडी रंगाऱ्यांनी नेली होती, म्हणून त्यांनी वॉर्डातलं स्टूल ओढलं. अडीच फुटी स्टूल. ते कलंडलं आणि दादांचं डोकं डाव्या बाजूनं बेसिनच्या कडेवर आपटलं. तिथल्या आयाबाई आवाज ऐकून धावल्या. तोवर दादा स्वतःच उठून बसले होते. कपडे झटकले, हसले, आणि आधी ती ट्यूब लावली.

पावणेअकराला ते नऊबाईंच्या खोलीत आले. एका एक्स्टेंशनवर खरखर येत होती, तिची तक्रार होती. कानामागे सुपारीएवढं टेंगूळ आलेलं नऊबाईंना दिसलं.

“हे काय हो?”

“काही नाही. स्टुलावरून उतरलो, जरा घाईनं.”

“दादा, कॅज्युअल्टीत एकदा दाखवून या.”

“आणि काय सांगू तिथं? तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलो आणि पडलो कुठून, तर स्टुलावरून! उद्यापासून सगळे मला स्टूलराव म्हणतील. पेन्शनच्या कागदावरसुद्धा तेच नाव येईल.”

नऊबाई हसल्या. खदखदून हसल्या. त्या हसण्याची त्यांना पुढं फार लाज वाटली. पण त्या वेळी समोरचा माणूस धडधाकट उभा होता, बोलत होता, हातात पक्कड होती. हसू येणार नाही तर काय होईल?

दोन वर्षांपूर्वी दादांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. तेव्हापासून ते रोज सकाळी रक्त पातळ करणारी गोळी घ्यायचे. ती गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला की आतलं रक्त थांबायला वेळ लागतो. मग तो माणूस खांबावरून पडलेला असो की स्टुलावरून. हे रुग्णालयातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. दादांची गोळी मात्र त्या सकाळी कुणाच्या डोक्यात आली नाही, त्यांच्या स्वतःच्याही.

बारा वाजून दहा मिनिटांनी दादा परत आले. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

“बाई, ती खिडकी द्या.”

“कसली खिडकी?”

“ती… ती लाल खिडकी. इथं राहिली.”

त्यांनी टेबलाकडे बोट केलं. तिथं त्यांची पक्कड पडली होती, लाल मुठीची. नऊबाईंनी पकडीकडे पाहिलं, मग दादांकडे. दादा रोजचेच होते, आवाज रोजचा नव्हता. लांबच्या गावाची लाइन खराब असली की शब्द कसे ओढत येतात, तसा येत होता. त्यांच्या शर्टावर ओकारीचा डाग होता.

या वेळी नऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी हेडफोन काढून ठेवला, बोर्ड तसाच सोडला आणि दादांचा दंड धरला. बोर्ड सोडून जाण्याची एकतीस वर्षांतली ही पहिली वेळ. मागं तीन दिवे लुकलुकत राहिले.

कॅज्युअल्टीत मोटारसायकलवरून पडलेले दोघं नुकतेच आणले होते. एकाची मांडी उघडी पडली होती, दुसरा ओरडत होता, फरशीवर रक्त. ड्यूटीवरचा डॉक्टर एकटा, जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कोपरापर्यंत लाल झालेला. सिस्टरनं नऊबाईंना पाहिलं.

“दादा ना? चालत आलेत ना? मग बसवा बाकावर. बघतेच.”

दादा बाकावर बसले. शहाण्या मुलासारखे, गुडघ्यावर हात ठेवून. नऊबाईंना परत जावं लागलं, कारण बोर्डावर आता नऊ दिवे लुकलुकत होते.

जागेवर बसल्याबरोबर त्यांनी कॅज्युअल्टीला फोन लावला. “सिस्टर, दादांना घेतलं का?” अजून नाही. सात मिनिटांनी पुन्हा. “बाई, माझे दोनच हात आहेत हो.” तेही खरंच होतं. बारा पस्तीसला तिसरा फोन.

“सिस्टर, एक सांगायचं राहिलं. ते पकडीला खिडकी म्हणाले.”

पलीकडे ट्रे खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“आत्ता घेते,” सिस्टर म्हणाल्या.

दादांना औषधं विचारली तर त्यांना सांगता येईना. डॉक्टरनं नऊ दाबलं. नऊबाईंना दादांच्या घरचा नंबर पाठ होता. दादांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, शाळेतलाही पाठ होता. वहिनी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. फोनवर मागं पोरांचा गलका ऐकू येत होता.

“गोळी ना? हो, घेतात की. ती पातळ करणारी. आजपण मीच दिली. का हो ताई?”

“या तुम्ही. घाबरू नका, पण या.”

एक वाजता स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त साचलं होतं आणि साचत होतं. कवटी उघडून ते काढणारा सर्जन या रुग्णालयात नव्हता. तो होता शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, आणि तिथं पोचायला रुग्णवाहिकेला बावन्न मिनिटं लागायची. हा आकडा नऊबाईंना वर्षानुवर्षं पाठ होता. कुणी विचारलं की त्या पटकन सांगायच्या, आणि विचारणाऱ्यालाही बरं वाटायचं. तासाच्या आतलंच अंतर की.

एक वाजून सात मिनिटांनी पहिला फोन.

मोठ्या रुग्णालयाची ऑपरेटर नवीन होती. तिनं मेंदूच्या सर्जनऐवजी मेंदूच्या ओपीडीला जोडून दिलं. तिथं घंटा वाजत राहिली, कारण सगळे जेवायला गेले होते. दुसरा फोन वॉर्डात. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, “सर्जन थिएटरमध्ये आहेत. आणि आमच्याकडे बेड नाही, बेडचं ऑफिस वेगळं.” तिसरा फोन बेडच्या ऑफिसात. तिथला माणूस अगदी गोड बोलायचा. “मॅडम, सर्जननं पेशंट घेतला असं कळल्याशिवाय मी बेड धरू शकत नाही. तसा नियमच आहे.” चौथा फोन थिएटरमध्ये. कुणीतरी निरोप आणला, “बेड आहे का ते आधी बघा. आणि स्कॅन पाठवा. स्कॅन न बघता कसं सांगणार?”

स्कॅन पाठवला. तो गेला जुन्या पत्त्यावर, जो मोठ्या रुग्णालयानं गेल्या वर्षी बंद केला होता. हे कळायला वीस मिनिटं गेली. पाचवा फोन त्या पत्त्यासाठी, सहावा पासवर्डसाठी. मध्ये मध्ये पेटीच्या सुरावटीसारखं संगीत वाजायचं आणि एक बाई प्रेमळ आवाजात सांगायची की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. नऊबाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, “दिसतंय ना.”

तोवर वहिनी आल्या होत्या. कॅज्युअल्टीत त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर म्हणजे कुठं, ते त्यांना कळेना, म्हणून त्या ओळखीच्या एकाच जागी आल्या, जिन्याखालच्या खोलीत. नऊबाईंच्या मागच्या खुर्चीत बसल्या. शाळेतला निळा डगला अंगावर तसाच होता. प्रत्येक फोनचं अर्धंच बोलणं त्यांना ऐकू यायचं.

“काय म्हणाले ताई?”

“थांबा म्हणाले.”

पुढचा फोन.

“आता काय म्हणाले?”

“बघून सांगतो म्हणाले.”

दोन वाजायला पाच मिनिटं असताना थिएटरमधून थेट सर्जनचाच, एका डॉक्टरणीचा आवाज आला. तरुण आवाज, पण विलक्षण थकलेला. नऊबाईंनी कॅज्युअल्टीला जोडून दिलं आणि स्वतः लाइनीवर राहिल्या. तसं ऐकायचं नसतं. त्या दिवशी त्यांनी ऐकलं.

“शुद्धीचा स्कोअर किती आहे?”

“पंधरापैकी तेरा, मॅडम.”

“तेरा आहे ना? मग लक्ष ठेवा. उतरला तर लगेच कळवा. माझ्याकडे आत्ता टेबलावर एक आहे आणि बाहेर एक थांबलाय.”

“मॅडम, पण रक्त पातळ करणारी गोळी…”

फोन ठेवला गेला होता.

ते लक्ष ठेवत राहिले. दोन चाळीसला स्कोअर उतरला. तेराचे नऊ झाले. दादांचा उजवा हात हलेना आणि डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी घशात नळी घालून श्वास मशीनवर घेतला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं नऊ दाबलं तेव्हा त्याचा आवाज चिरकला. “नऊबाई, कसंही करून लावा. प्लीज.”

मग सुरू झाली गोल गोल फेरी. सर्जन म्हणाल्या घेते, पण ऑपरेशननंतर ठेवायला आयसीयूत जागा हवी, त्यांना विचारा. आयसीयू म्हणालं, बेडच्या ऑफिसानं सांगितलं तर एक हलवून बघतो. बेडचं ऑफिस म्हणालं, सर्जनचं नाव लेखी पाहिजे. सर्जनला परत लावलं तर फोन व्यस्त. दहा, अकरा, बारा, तेरा. नऊबाई प्रत्येकाचं म्हणणं ऐकायच्या, पुढच्याला सांगायच्या, वेळ लिहायच्या. मागच्या खुर्चीतून आता काही विचारणं येत नव्हतं. तेच त्यांना जास्त टोचत होतं.

बोर्डाच्या कोपऱ्यात एक पिवळं बटण होतं. अधीक्षकांची महिन्याची मीटिंग फोनवर व्हायची, तेव्हा चार-पाच जणांना एका लाइनीवर आणायला. एरवी त्याला हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम होता. तीन वाजून चौदा मिनिटांनी नऊबाईंनी थिएटर लावलं, त्यांना धरून ठेवलं. मग आयसीयू, मग बेडचं ऑफिस, मग आपला कॅज्युअल्टीतला डॉक्टर. आणि पिवळं बटण दाबलं.

“नमस्कार. सर्जन मॅडम लाइनीवर आहेत, आयसीयूचे डॉक्टर आहेत, बेडचं ऑफिस आहे आणि आमचे डॉक्टर आहेत. दोन तास मी एकाचा निरोप दुसऱ्याला सांगतेय. आता तुम्ही चौघं एकमेकांशी बोला. मी फोन ठेवणार नाही आणि तुम्हालाही ठेवू देणार नाही.”

तो थकलेला आवाज म्हणाला, “कोण बोलतंय?”

“ऑपरेटर.”

मग ते बोलू लागले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुणाला काही सुनावलं नाही. आयसीयूत एक पेशंट संध्याकाळी वॉर्डात जाणारच होता, तो आत्ता हलवायचं ठरलं. बेडच्या ऑफिसातल्या माणसानं सर्जनचं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. “पाठवा. थिएटर तयार ठेवते,” मॅडम म्हणाल्या. तीन वाजून अठरा मिनिटं. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

नऊबाई मागं वळल्या. “घेतलं,” त्या म्हणाल्या. वहिनींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पण दिवस अजून सरला नव्हता. श्वासाचं मशीन असलेली एकुलती एक रुग्णवाहिका एका तान्ह्या बाळाला सोडून परत येत होती. भूल देणारे डॉक्टर सोबत जायला हवे होते आणि ते एका बाळंतिणीच्या ऑपरेशनात अडकले होते. कुणाला बोल लावायचा? बाळाला, की बाळंतिणीला? तीन अठ्ठावन्नला गाडी हलली. चार पन्नासला पोचली. बावन्न मिनिटं, अगदी ठरल्याप्रमाणे. पाच पंचवीसला दादांच्या डोक्याला सर्जननं हात लावला. पडल्यापासून सात तास पाच मिनिटं झाली होती, आणि माणूस पडला होता तो रुग्णालयातच.

दादा वाचले. सहा दिवस नळीवर, एकोणीस दिवस तिथं, मग घरी. उजवा हात खांद्यापाशी उचलला जायचा, बोटं मिटायची नाहीत. पाय फरपटायचा, पण चालायचे. गेलं होतं ते बोलणं. सगळं समजायचं, डोळे तसेच मिश्कील, पण शब्द सापडायचा नाही. चमचा हवा असला की “ते”, पाणी हवं असलं की “ते”, वहिनींना हाक मारायची तरी “ते”. चुकीचा शब्द तोंडातून निघाला की त्यांना लगेच कळायचं, आणि ते डाव्या हातानं कपाळ बडवून घ्यायचे. ज्या माणसाला शिडीवरून खाली उतरवायला विनवण्या कराव्या लागत, तो दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा.

दर गुरुवारी बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे जायचं असे. वहिनींना शाळेतून सुटी मिळायची नाही, म्हणून नऊबाई आपली ड्यूटी बदलून जायच्या. त्या बाई चित्रं दाखवायच्या. घोडा. होडी. किल्ली. दादा घाम पुसत एकेक शब्द ओढून काढायचे. एकदा टेलिफोनचं चित्र आलं. दादांनी बराच वेळ पाहिलं, मग नऊबाईंकडे बोट करून म्हणाले, “नऊ.”

बाईंनी कागदावर फुली मारली.

“फुली का? बरोबर आहे की ते!” नऊबाई उसळल्या.

“अहो, हा आकडा आहे. वस्तूचं नाव हवं.”

“आमच्याकडे वस्तूचं नाव तेच आहे. वाटल्यास अधीक्षकांना फोन करून विचारा. कोणता आकडा दाबायचा ते ठाऊक आहे ना?”

बाईंनी अखेर अर्धा गुण दिला. दादा हसले. आजारपणानंतर आवाज फुटून हसण्याची ती पहिली वेळ.

एका रविवारी नऊबाईंनी कपाटातून त्या मंगळवारची वही घरी आणली आणि कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. चौदा फोन, प्रत्येकाची वेळ, कोण काय म्हणालं ते समोर. वर एक ओळ : पडले सकाळी १०.२०. खाली एक ओळ : ऑपरेशन सुरू ५.२५. आपलं हसणं त्यात कुठं लिहावं, ते त्यांना कळलं नाही. अखेर त्यांनी लिहिलं, ‘१०.४५, टेंगूळ दिसले, ऑपरेटरने आग्रह धरला नाही.’

सोमवारी त्यांनी तो कागद अधीक्षकांच्या टेबलावर ठेवला. अधीक्षकांनी चष्मा वर केला.

“हे कुणी मागितलं होतं?”

“कुणी नाही, साहेब. लिहायचा नियम आहे म्हणून लिहिलं होतं. आता वाचायचापण एक नियम करा.”

अधीक्षकांना राग आला असावा, पण कागद त्यांनी वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून परत पहिल्या ओळीवर आले. पिवळ्या बटणाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. “त्या दिवशी मी इथंच होतो,” ते एवढंच म्हणाले, “वरच्या मजल्यावर. मला कुणी सांगितलं नाही.”

तो कागद पुढं मोठ्या रुग्णालयात गेला. दोन महिन्यांनी तिथली मंडळी बैठकीला आली आणि बैठक आटोपल्यावर एक सडपातळ मुलगी जिन्याखालच्या खोलीत डोकावली. पाठीला पिशवी, केस घाईत बांधलेले. नऊबाईंना वाटलं, कुणा पेशंटची मुलगी असेल.

“तुम्हीच का ऑपरेटर? मी ‘लक्ष ठेवा’ म्हणाले होते, ती मी.”

नऊबाईंनी मनातल्या मनात या आवाजाला महिनोन्‌महिने कायकाय सुनावलं होतं. उंच, जाडजूड, घमेंडखोर बाई त्यांनी डोळ्यांसमोर धरली होती. समोर होती ती त्यांच्या भाचीएवढी पोर.

“बसा,” त्या म्हणाल्या. “चहा घेणार?”

चहा घेता घेता तिनं सांगितलं. त्या दुपारी तिच्या हाताखाली एका बाईचं डोकं उघडं होतं. फोन तिनं धरलाच नव्हता, एक सिस्टर तो तिच्या कानाला लावून उभी होती. आदल्या सकाळपासून ती झोपली नव्हती. “तेरा ऐकलं, आणि डोक्यात आलं, याला वेळ आहे. गोळीचं ऐकू आलंच नाही मला. ऐकू आलं असतं तर दोनलाच घेतलं असतं.” तिनं कप खाली ठेवला. “कसे आहेत ते?”

“चिडतात. म्हणजे सुधारतायत,” नऊबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मी तर त्यांना चांगलं उभं पाहिलं आणि हसले. तुम्ही निदान बघितलेलं नव्हतं.”

त्या बैठकीतून एक नंबर निघाला. डोक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी एकच नंबर; तो लावला की सर्जन, आयसीयू आणि बेडचं ऑफिस एकदम लाइनीवर. इकडे स्कॅनला पाठवतानाच गाडीवाल्याला कळवायचं ठरलं. आणि कॅज्युअल्टीच्या बाकासमोर सिस्टरनं स्वतःच्या हातानं एक पाटी लिहून टांगली : ‘डोकं आपटलंय? रक्त पातळ करणारी गोळी घेता? रांग सोडून पुढं या.’

सगळं लगेच सुरळीत झालं, असं कुणी म्हणू नये. पहिले चार रविवार तो नंबर कुणी उचललाच नाही. चौथ्या सोमवारी नऊबाईंनी मोठ्या रुग्णालयाच्या अधीक्षकांना सकाळी सकाळी फोन लावून अत्यंत नम्र आवाजात असं काही ऐकवलं, की पाचव्या रविवारी तो दुसऱ्या घंटेला उचलला गेला. त्यानंतर न्हाणीघरात घसरलेल्या एक आजी आल्या, त्याच गोळ्या घेणाऱ्या. पडल्यापासून पावणेदोन तासांत त्या थिएटरात होत्या. सगळं वेळेवर झालं, आणि तरी आजी गेल्या. त्या दिवशी नऊबाई बराच वेळ हेडफोन हातात धरून बसल्या. मग एक रंगारी आला, तो दहाव्या दिवशी चालत घरी गेला. हिशेब कशाशी कशाचा मांडायचा, ते त्यांनी सोडून दिलं.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान मास्तर होते, केव्हाच निवृत्त झालेले, आणि दोन्ही कानांनी अधू. यंत्र आणलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात ठेवायचे. दादांना डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं होतं, आणि सोबत कोण, हा प्रश्न होता. एका सकाळी मास्तरच काठी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. तेव्हापासून रोज दोघं जाऊ लागले, एकाला ऐकू येत नाही आणि एकाला शब्द सापडत नाही.

“यांचं काय बोलणं होत असेल हो ताई?” वहिनी विचारायच्या.

“देव जाणे. पण घरी येतात तेव्हा खुशीत असतात.”

दादांचं बोलणं आता निम्मंअर्धं परत आलं होतं. रुग्णालयानं त्यांना भांडारात बसायचं काम दिलं होतं, अर्धा दिवस. बल्ब, तारा, बटणं द्यायची आणि सही घ्यायची. नाव आठवलं नाही की ते वस्तूच काढून समोर ठेवायचे. उजवा हात मात्र तसाच होता, तो काही परत आला नाही, आणि शिडी ते पुन्हा कधी चढले नाहीत.

एकदा सकाळी साडेनऊ वाजले तरी दोघं परतले नाहीत. वहिनी नऊबाईंकडे आल्या, दोघी चपला अडकवून निघाल्या. नऊबाई वहिनींशी भाजीबद्दल बोलत, पण भरभर चालल्या. बागेच्या टोकाला बाकावर दोघं दिसले. दादा सांगत होते. एक शब्द, मग थांबणं, डावा हात हवेत, मग दुसरा शब्द. कुठल्यातरी खांबाची गोष्ट असावी, कारण हात वर वर जात होता. मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत होते, अजिबात घाई नसल्यासारखे.

“अहो, किती वाजले बघा!” वहिनी म्हणाल्या.

दादांनी मान वळवली आणि हात वर करून त्यांना थांबवलं. “ते… नाही. झालं… नाही… अजून.”

दोघी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या, जागा करून घेत.